‘जर’ आणि ‘तर’ यांचा विवेक : धम्मचर्चेतील अनुमानाविषयी थोडेसे

बुद्धाचा धम्म बुद्धिनिष्ठ आहे, असे आपण सारे अभिमानाने सांगत असतो. वर्षावासातील ग्रंथवाचनात, धम्मपरिषदांच्या व्यासपीठांवर आणि विहारातील साप्ताहिक चर्चेत हे विधान वारंवार ऐकू येते. ते खरेही आहे. परंतु बुद्धिनिष्ठ असणे म्हणजे प्रत्यक्षात काय करणे, हा प्रश्न त्या मानाने कमी विचारला जातो. एखादे मत तर्काला धरून आहे असे म्हणावयाचे, तर तर्क कोणत्या नियमांनी चालतो हे ठाऊक असले पाहिजे. नियम ठाऊक नसतील तर ‘तर्कशुद्ध’ हा शब्द केवळ स्तुतिपर विशेषण होऊन बसतो आणि ज्याला जे रुचते तेच त्याला तर्कशुद्ध वाटू लागते.

तर्कशास्त्राच्या पहिल्याच पायरीवर ‘जर’ आणि ‘तर’ या दोन शब्दांविषयीचा एक नियम आहे. त्याचे स्वरूप सांगावे, बौद्ध वाङ्मयात आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखनात तो कसा वापरला गेला आहे हे दाखवावे आणि आपल्या चर्चेत तो कोठे मोडतो याकडे लक्ष वेधावे, असा प्रस्तुत लेखामागील आमचा हेतू आहे. त्यासाठी गणिताचे किंवा न्यायशास्त्राचे पूर्वज्ञान लागत नाही.

जर–तर विधानाचे स्वरूप

‘पाऊस पडला’ हे एक साधे विधान आहे. ते सत्य असेल किंवा असत्य असेल. ‘देसना सभागृहात झाली’ हेही तसेच. ही दोन विधाने ‘जर’ आणि ‘तर’ यांनी जोडली की एक तिसरेच विधान तयार होते : ‘जर पाऊस पडला, तर देसना सभागृहात होईल.’ तर्कशास्त्रात याला सोपाधिक विधान म्हणतात. ‘जर’ने सुरू होणारा भाग पूर्वांग आणि ‘तर’ने सुरू होणारा भाग उत्तरांग होय.

असे विधान करणारा मनुष्य पाऊस पडेलच असे म्हणत नाही, आणि देसना सभागृहातच होईल असेही म्हणत नाही. तो केवळ दोहोंमधील संबंध सांगतो. मग हे विधान असत्य केव्हा ठरते? समजा, विहाराच्या कार्यवाहांनी वरील शब्द फलकावर लिहिले आहेत. आषाढी पौर्णिमेच्या दिवशी चार प्रकार संभवतात :

१. पाऊस पडला आणि देसना सभागृहात झाली. शब्द पाळला गेला.

२. पाऊस पडला आणि देसना पटांगणातच झाली. शब्द मोडला.

३. पाऊस पडला नाही, तरी देसना सभागृहात झाली. शब्द मोडला असे म्हणता येत नाही. पाऊस नसता काय करू, हे फलकावर लिहिलेच नव्हते.

४. पाऊस पडला नाही आणि देसना पटांगणात झाली. याही वेळी शब्द मोडलेला नाही.

म्हणजे चारांपैकी केवळ दुसऱ्या प्रकारात विधान असत्य ठरते : पूर्वांग सत्य आणि उत्तरांग असत्य. अशा मांडणीला सत्यता-कोष्टक म्हणतात. लुडविग विट्गेनस्टाइन आणि एमिल पोस्ट यांनी १९२१ साली, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, ही पद्धती प्रसिद्ध केली. पण तिच्यामागील विचार फार जुना आहे. सोपाधिक विधान केव्हा असत्य ठरते याची हीच व्याख्या मेगारा पंथाचा ग्रीक तत्त्ववेत्ता फायलो याने इसवी सनापूर्वी दिली होती. आपल्या दृष्टीने अधिक महत्त्वाची गोष्ट ही की, तोच विचार पालि अभिधम्मातही आढळतो.

कथावत्थूतील निग्रह

‘कथावत्थु’ हा अभिधम्म पिटकातील सात ग्रंथांपैकी एक. सम्राट अशोकाच्या काळी पाटलिपुत्र येथे भरलेल्या तिसऱ्या संगीतीत मोग्गलिपुत्त तिस्स थेरांनी तो सांगितला, अशी परंपरा आहे. त्यात दोनशेहून अधिक वादविषय प्रश्नोत्तररूपाने मांडले आहेत. पहिला आणि सर्वांत विस्तृत वाद पुद्गलाविषयीचा आहे : पंचस्कंधांहून निराळा ‘पुद्गल’ परमार्थाने आहे, असे मानावे काय?

या वादाची पद्धती मोठी मनोज्ञ आहे. स्थविरवादी प्रथम प्रतिपक्षाकडून एक विधान वदवून घेतो. त्याला आपण ‘क’ म्हणू. नंतर तो ‘ख’ हे दुसरे विधान पुढे ठेवतो. प्रतिपक्षी ‘क’ स्वीकारतो, ‘ख’ नाकारतो. तेव्हा त्याचा निग्रह केला जातो. निग्रहाच्या पायऱ्या अशा : ‘क’ म्हणावयाचे असेल, तर ‘ख’ही म्हटले पाहिजे. ‘क’ म्हणावे पण ‘ख’ म्हणू नये, ही तुमची भूमिका चुकीची आहे. आणि ‘ख’ म्हणावयाचे नसेल, तर ‘क’ही म्हणता येणार नाही.

वाचकांनी या पायऱ्या वरील चार प्रकारांशी ताडून पाहाव्यात. ‘क’ आहे पण ‘ख’ नाही, हा दुसरा प्रकारच येथे निषिद्ध ठरविला आहे. बाकीच्या तिहींना हरकत नाही. पोलंडचे भारतविद्याविशारद स्तानिस्लाव शायर यांनी १९३३ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात या पद्धतीकडे लक्ष वेधले आणि विधानांच्या तर्कशास्त्राची ही प्राचीन भारतीय पूर्वखूण आहे असे मत मांडले. कथावत्थूत हा नियम स्वतंत्र शास्त्र म्हणून सांगितलेला नाही, हे खरे. परंतु तो जाणीवपूर्वक आणि पुनःपुन्हा वापरला आहे. शिवाय त्याच रीतीने प्रतिपक्षालाही उलट निग्रह करू दिला आहे. नियम एका पक्षाच्या मालकीचा नसतो, ही गोष्ट त्यातून आपोआप सांगितली जाते.

दोन उघडी दारे, दोन बंद

‘जर धूर, तर अग्नी’ हे भारतीय न्यायपरंपरेतील सर्वपरिचित उदाहरण घेऊ. हे विधान सत्य आहे असे मानले, तर त्यातून पुढे जाण्याचे चार मार्ग दिसतात. त्यांपैकी दोनच खुले आहेत.

धूर आहे, म्हणून अग्नी आहे : हा मार्ग खुला. अग्नी नाही, म्हणून धूर नाही : हाही खुला. पण अग्नी आहे, म्हणून धूर असलाच पाहिजे, असे म्हणता येत नाही. भट्टीतून काढलेल्या तप्त लोखंडी गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. त्याचप्रमाणे धूर नाही, म्हणून अग्नी नाही, हाही निष्कर्ष निघत नाही. तोच लोखंडी गोळा त्याला उत्तर देतो. उत्तरांगाच्या सत्यतेवरून पूर्वांगाकडे जाणे आणि पूर्वांगाच्या असत्यतेवरून उत्तरांग नाकारणे, हे दोन्ही तर्कदोष आहेत.

आचार्य दिङ्नाग यांनी हेतूची जी तीन लक्षणे सांगितली, त्यांतील तिसरे विपक्षात हेतू नसणे, म्हणजे जेथे अग्नी नाही तेथे धूरही नसणे, हे आहे. दुसऱ्या खुल्या दारावरचा पहाराच तो! या दाराने अनुमान किती दूर जाऊ शकते, हे अस्सलायन सुत्तात उत्तम रीतीने दिसते.

अस्सलायनाचा प्रश्न

मज्झिम निकायातील हे ९३ वे सुत्त. श्रावस्तीस आलेल्या ब्राह्मणांनी अस्सलायन नावाच्या सोळा वर्षांच्या विद्वान तरुणाला भगवंतांशी वाद करण्यास उद्युक्त केले. त्याचा पक्ष असा : ब्राह्मण हाच श्रेष्ठ वर्ण; कारण ब्राह्मण ब्रह्माच्या मुखातून जन्मले आहेत.

भगवंतांनी ब्रह्मा आहे की नाही, या वादात प्रवेशच केला नाही. त्यांनी एवढेच दाखविले की, ब्राह्मणांच्या स्त्रिया ऋतुमती होतात, गर्भ धारण करतात, प्रसवतात, बालकाला स्तनपान करवितात. युक्तिवादाचा सांगाडा उघड आहे : जर ब्राह्मण मुखातून जन्मत असतील, तर ते इतरांप्रमाणे मातेच्या उदरातून जन्मणार नाहीत, पण ते तसेच जन्मतात, म्हणून ते मुखातून जन्मत नाहीत. उत्तरांग पडले की पूर्वांग पडते.

येथे एक प्रश्न उपस्थित होतो. हा युक्तिवाद इतका निर्णायक असेल, तर सुत्त तेथेच का संपले नाही? याचे उत्तर बंद दारांच्या नियमात आहे. ‘मुखातून जन्मले, म्हणून श्रेष्ठ’ यातील कारण खोटे ठरले, एवढ्यावरून ‘श्रेष्ठ’ हा दावा खोटा ठरत नाही. तो केवळ निराधार होतो. कारण गेले तरी दावा दुसऱ्या कारणाचा आश्रय शोधू शकतो. अस्सलायनही नेमके तसेच करतो : आपण काहीही म्हटले तरी ब्राह्मण स्वतःला श्रेष्ठच मानतात, असे तो परत परत सांगतो. म्हणून तथागत एकामागून एक नवे आधार तपासत जातात. चार वर्ण हा जर निसर्गाचाच क्रम असेल, तर तो सर्वत्र आढळला पाहिजे. पण योन आणि कंबोज या प्रदेशांत आर्य आणि दास असे दोनच वर्ग आहेत, आणि आर्याचा दास व दासाचा आर्य होऊ शकतो. जन्माने जर सामर्थ्यात भेद पडत असेल, तर उच्च कुळातील मनुष्याने चंदनाच्या लाकडावर पेटविलेला अग्नी आणि हीन मानलेल्या कुळातील मनुष्याने डुकराच्या द्रोणीच्या लाकडावर पेटविलेला अग्नी यांत भेद दिसला पाहिजे. पण ज्वाला, वर्ण आणि प्रकाश दोहोंत सारखेच आहेत. प्रत्येक वेळी रूप एकच, आशय नवा. अखेरीस अस्सलायन निरुत्तर होतो.

शास्त्रप्रामाण्य आणि निषिद्ध जोडी

दोन सहस्र वर्षांहून अधिक काळानंतर याच प्रश्नाला बाबासाहेबांनी हात घातला. १९३६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ या ग्रंथात त्यांनी सुधारकांच्या भूमिकेतील विसंगती उघड केली. ती आपल्या परिभाषेत अशी मांडता येईल : शास्त्रे प्रमाण मानली, तर जातिभेद पाळणे हे कर्तव्य ठरते. हे जर–तर विधान सनातन्याला मान्य आहे. जातिभेदाचा कट्टर विरोधकही ते मान्य करू शकतो. कारण ते मान्य करणे म्हणजे शास्त्रे प्रमाण मानणे नव्हे, आणि जातिभेद मान्य करणेही नव्हे. फलकावरील शब्द खरा मानणारा मनुष्य पाऊस पडलाच असे काही म्हणत नसतो.

तेव्हा सनातनी पूर्वांग आणि उत्तरांग दोन्ही स्वीकारतो. त्याची भूमिका अन्यायाची आहे, पण ती विसंगत नाही. बाबासाहेब उत्तरांग नाकारतात आणि म्हणून पूर्वांगही नाकारतात. तीही सुसंगत भूमिका आहे. जो सुधारक शास्त्रांचे पावित्र्य जपून सहभोजने व आंतरजातीय विवाह यांचा उपदेश करतो, तोच कथावत्थूतील निग्रहात सापडतो : ‘क’ म्हणावयाचे, पण ‘ख’ म्हणावयाचे नाही. शास्त्रांचा खरा अर्थ निराळा आहे, असे म्हणून जर–तरचा दुवाच तोडण्याचा प्रयत्नही काहींनी केला. त्यावर बाबासाहेबांचे उत्तर असे की, प्रश्न व्याकरणाच्या आधारे काढलेल्या अर्थाचा नाही, लोकांनी शास्त्रे कशी समजून घेतली याचा आहे. दुवा लोकांच्या मनात आणि आचरणात दृढ आहे. म्हणून घाव पूर्वांगावर, म्हणजे शास्त्रप्रामाण्यावर, घातला पाहिजे.

दुःखावरून पूर्वकर्माकडे

आता ज्या तर्कदोषाने आपल्या समाजाची सर्वांत मोठी हानी केली, त्याकडे वळू. ‘दुष्कर्म केले, तर दुःख भोगावे लागते’ हे विधान क्षणभर जसेच्या तसे मान्य करू. त्यावरून ‘हा दुःख भोगतो आहे, म्हणून याने पूर्वजन्मी दुष्कर्म केले असले पाहिजे’ असे म्हणता येईल काय? मुळीच नाही. हे अग्नीवरून धुराकडे जाणे आहे. परंतु गावकुसाबाहेरच्या माणसाला शतकानुशतके हेच सांगण्यात आले : तुझे घर गावाबाहेर आहे, हाच तुझ्या पूर्वपापाचा पुरावा. दुःखच दुःखितावरील आरोपपत्र बनले.

संयुत्त निकायातील सीवक सुत्तात मोळिय सीवक नावाचा परिव्राजक भगवंतांना याच मताविषयी विचारतो. मनुष्य जे सुखदुःख भोगतो ते सारे पूर्वकृत कर्मामुळेच, असे काही श्रमण-ब्राह्मण म्हणतात. आपले काय म्हणणे? भगवंत वेदनांची आठ कारणे सांगतात : पित्त, कफ, वात, या तिहींचा प्रकोप, ऋतूतील बदल, विषम आहारविहार, बाहेरून झालेला आघात आणि कर्मविपाक. सारे काही पूर्वकर्मामुळेच, असे म्हणणारे अनुभवाच्या आणि लोकमान्य सत्याच्या पलीकडे जातात, असा त्यांचा निर्णय आहे. एका उत्तरांगाची आठ पूर्वांगे असू शकतात; म्हणून उत्तरांग पाहून त्यांतील एकच उचलता येत नाही.

त्या आठांत बाहेरून होणारा आघातही आहे, हे आपण विशेषत्वाने लक्षात ठेवले पाहिजे. पाणवठ्यावर जाण्यास मज्जाव होतो तेव्हा दुःखाचे कारण पूर्वजन्मात शोधावे लागत नाही. ते पाणवठ्याच्या काठावर उभे असते. पूर्वकर्माच्या सिद्धान्ताने समाज आणि शासन यांना दीनदलितांच्या स्थितीची जबाबदारी टाळता येते, असे बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बजावले आहे. तर्कातील एक चुकीचे पाऊल माणसांवर किती भार टाकू शकते, याचे याहून बोलके उदाहरण आम्हांस ठाऊक नाही.

प्रतीत्यसमुत्पादाचे दोन अर्ध

प्रतीत्यसमुत्पादाचे सामान्य सूत्र आपणां सर्वांच्या परिचयाचे आहे. त्याच्या पूर्वार्धात कारण असता कार्य असते असे सांगितले आहे, आणि उत्तरार्धात कारण नसता कार्य नसते असे सांगितले आहे. अनेक वाचकांना उत्तरार्ध ही केवळ पुनरुक्ती वाटते. पण ती पुनरुक्ती नाही. धूर नाही म्हणून अग्नी नाही, असे म्हणता येत नाही हे आपण वर पाहिले. तद्वत पूर्वार्धातून उत्तरार्ध आपोआप निघत नाही. तो स्वतंत्रपणेच सांगावा लागतो, आणि भगवंतांनी तो स्वतंत्रपणे सांगितला आहे.

यात केवढा अर्थ भरला आहे! तृष्णा असेल तर दुःख असते, एवढेच सत्य असते, तर तृष्णेचा क्षय करूनही दुःख अन्य मार्गाने राहू शकले असते. तिसरे आर्यसत्य उत्तरार्धाच्या आधारावर उभे आहे. अर्थात, कार्यकारणसंबंध हा केवळ सत्यता-कोष्टकात मावणारा नव्हे. कोष्टक विधानांच्या सत्यासत्यतेविषयी बोलते, प्रतीत्यसमुत्पाद वस्तूंच्या उत्पत्तीविषयी आणि निरोधाविषयी. तथापि दोन्ही अर्धांची गरज का आहे, हे समजण्यास कोष्टकाचा निश्चित उपयोग होतो.

बुद्धवचनाची कसोटी

शेवटी आपल्या घरातील प्रश्न. बुद्धाच्या नावावर सांगितले जाणारे वचन खरोखर बुद्धाचे आहे काय, हे ओळखण्यासाठी बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’च्या चौथ्या खंडात कसोट्या दिल्या आहेत. पहिलीचा आधार असा की, बुद्ध सर्वथा बुद्धिनिष्ठ होते. म्हणजेच, वचन बुद्धाचे असेल तर ते बुद्धीला धरून असेल. यावरून खुल्या दाराने काय मिळते? जे बुद्धीला धरून नाही, ते बुद्धवचन नाही. ही वाट निःशंक आहे. चमत्कारांच्या अनेक कथा या एका नियमाने बाजूला ठेवता येतात. दुसरी कसोटी तर याच निषेधरूपात मांडलेली आहे : ज्याचा मानवाच्या कल्याणाशी संबंध नाही, ते बुद्धवचन म्हणून स्वीकारता येत नाही.

पण जे जे बुद्धीला धरून आहे ते ते बुद्धवचन, असे मात्र नुसत्या या आधारावरून म्हणता येत नाही. दोन आणि दोन चार हे बुद्धीला पूर्ण पटते. तेवढ्याने ते त्रिपिटकातले होत नाही. म्हणूनच बाबासाहेबांनी विवेकी वचन बुद्धाचे मानता येईल असे सांगताना, इतर बाबी समान असल्यास, ही अट आवर्जून घातली आहे. कायदेपंडिताने घातलेली अट निरर्थक नसते. आपण मात्र ती पुष्कळदा वगळतो. आज भ्रमणध्वनीवर दररोज बुद्धाच्या चित्राखाली एखादे सुंदर वाक्य फिरते, आणि ते सुंदर आहे, शहाणपणाचे आहे, एवढ्यावरून आपण ते बुद्धवचन म्हणून पुढे पाठवितो. कोणत्या निकायात, कोणत्या सुत्तात, हा प्रश्नही मनात येत नाही.

असाच दुसरा मोह विज्ञानाविषयीचा. ‘बुद्धाची शिकवण सत्य असेल, तर ती विज्ञानाशी जुळेल, ती जुळते, म्हणून ती सत्य आहे’ असा युक्तिवाद आपल्या व्यासपीठांवर टाळ्या घेतो. त्याचा सांगाडा पूर्वकर्मवाद्याच्या युक्तिवादाहून निराळा नाही. जुळणे ही अनुकूल गोष्ट आहे, सिद्धता नव्हे. निष्कर्ष आपल्याला प्रिय आहे म्हणून बंद दार उघडत नाही. जो तर्क आपल्याविरुद्ध वापरला गेला तेव्हा अन्याय्य होता, तो आपल्या बाजूने वापरला म्हणून न्याय्य होत नाही.

प्रत्येक विहारातील अभ्यासवर्गाने एक साधा परिपाठ ठेवावा, असे आम्ही सुचवितो. कोणताही युक्तिवाद समोर आला की तीन गोष्टी विचाराव्यात. यातील ‘जर’ कोणते आणि ‘तर’ कोणते? मूळ जर–तर विधान तरी सत्य आहे काय, की तप्त लोखंडी गोळ्यासारखा एखादा अपवाद त्याला खोटे पाडतो? आणि निष्कर्ष खुल्या दाराने आला आहे की बंद? प्रथम हे प्रश्न प्रतिपक्षाला विचारणे सोपे जाईल. त्यानंतर तेच प्रश्न आपल्या वक्त्यांना, आपल्या नियतकालिकांना आणि या लेखालाही विचारावेत. धम्माला त्यापासून भय नाही.